शब्दचर्चा: पेंटेकॉस्ट आणि पेंटेकॉस्टल

पेंटेकॉस्ट या ख्रिस्ती सणाचा अर्थ बऱ्याचदा 'येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला तो दिवस' असा सांगतात. चर्चमध्ये आज आपण त्याच अर्थाने म्हणतो, पण मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ नुसता 'पन्नासावा' एवढाच. आणि नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या अध्याय 2 ची सुरुवातच मुळी हा सण आला तेव्हा, अशी आहे, म्हणजे सण आधीपासून होताच, घटना त्या दिवशी घडली.

तो सण ज्यू लोकांचा शावुओत, म्हणजे आठवडे, जुन्या करारात सप्तकांचा सण. वल्हांडणाच्या (ज्यूंच्या इजिप्तमधून सुटकेच्या सणाच्या) वेळी जवाची पहिली पेंढी अर्पण करायची, तिथून सात आठवडे मोजायचे आणि पन्नासाव्या दिवशी नव्या गव्हाच्या दोन भाकरी देवापुढे आणायच्या. जुन्या करारातलं लेवीय 23 काढून बघा, त्या भाकरी खमीर (पीठ फुगवायचं आंबवण) घालून भाजायला सांगितल्यात! वल्हांडणात घरात खमीर ठेवायचं नाही आणि इथे मुद्दाम घालायचं, मला हा तपशील फार आवडतो. जुन्या करारातली रूथची गोष्टही जवाच्या आणि गव्हाच्या कापणीतलीच, शावुओतला ज्यू लोक तीच वाचतात.

सीनाय पर्वतावर नियमशास्त्र मिळालं तो हाच दिवस, असं रब्बींची (ज्यू धर्मगुरूंची) परंपरा मानते. तोरात (मोशेच्या पाच पुस्तकांत) मात्र तसं थेट म्हटलेलं नाही.

दुसरं म्हणजे हा यरुशलेमला जायच्या तीन सणांपैकी एक, म्हणून तर पार्थी, मेदी, क्रेतकर, अरब, रोमहून आलेले असे सगळे तिथे जमलेले होते, आणि आत्मा उतरल्यावर शिष्य बोलू लागले ते प्रत्येकाला आपापल्या भाषेत ऐकू आलं. येशूचा शिष्य पेत्र याच्या भाषणानंतर सुमारे 3000 जणांनी बाप्तिस्मा घेतला. सणाचा संदर्भ काढून टाकला तर ही गर्दी कुठून आली हेच कळत नाही, म्हणून मुलांना शिकवताना आधी शावुओत सांगावा असं मला मनापासून वाटतं.

कुणी विचारेल, मग पेंटेकॉस्टल म्हणजे हा सण पाळणारे का?

नाही हो, सण कॅथलिक, प्रोटेस्टंट सगळ्यांचाच, ईस्टरचा रविवार धरून पन्नासाव्या दिवशी, म्हणून तो नेहमी रविवारीच येतो. पेंटेकॉस्टल ही विसाव्या शतकातली चळवळ, अन्य भाषांत बोलणं वगैरे आत्म्याची दानं आजही मिळतात असं मानणारी. तिच्या इतिहासात 1906 चं लॉस एंजेलिसमधल्या अझुसा स्ट्रीटवरचं आध्यात्मिक जागरण (श्रद्धेची नवी लाट) हमखास येतं, पण पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये असं जागरण 1905 मध्येच झालं होतं, हे आपल्याकडे फार कमी जणांना माहीत असतं.