रात्रीचं जेवण, सगळ्यांनी मिळून – तुमच्या घरचे अनुभव लिहा

हळदीची_पेठ
काल रात्री वरच्या मजल्यावरचा सात वर्षांचा मुलगा वाटी परत द्यायला आला. तासगावची आत्या आलीय म्हणून आम्ही सगळे हॉलमध्ये सतरंजी टाकून जेवायला बसलेलो. तो दारातच थांबला आणि विचारतो, "काकू, आज तुमच्यात कुणाचा वाढदिवस आहे का?" आत्या हसली, पण माझ्या डोक्यातून तो प्रश्न काही जाईना.

माझे आजोबा सांगलीत हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. माघ-फाल्गुनात सौदे जोरात असले की घरी यायला दहा-साडेदहा. आणि आमच्यात नियम असा की आजोबा आल्याशिवाय ताटं मांडायची नाहीत. आम्ही पोरं भिंतीला टेकून पेंगायचो, मग सायकलची घंटी वाजायची, ते हातपाय धुवायचे, कितीही साबण लावला तरी नखं पिवळीच. जो झोपला असेल त्याला उठवून मांडीवर घ्यायचे आणि पहिला घास त्याला. आमटी-भाकरीच्या घासाला हळकुंडाचा वास यायचा. अजून मार्केट यार्डातून जाताना मला भूक लागते.

आता आम्ही चार माणसं चार वेळा जेवतो. मुलगी क्लासवरून नऊला, हे दहाला, धाकटा मोबाईल लावून खोलीत. ओट्यावर झाकून ठेवायचं, ज्यानं त्यानं गरम करून घ्यायचं. मला याचं फार वाईट वाटतं. तुमच्यात कसं होतं, आता कसं आहे, लिहा.

वाळव्याचा_पोरगा
वडील साखर कारखान्यात, बॉयलिंग हाऊसला. गाळप सुरू झालं की दिवाळीपासून शिमग्यापर्यंत घराचं घड्याळ पाळीवर. रात्री १२ ची पाळी असली की आमचं रात्रीचं जेवण संध्याकाळी साडेसहाला!! अंगणात पोरं क्रिकेट खेळतायत आणि आम्ही जेवतोय. मित्र चिडवायचे. पण आई म्हणायची तुझे बाबा मळीच्या वासात एकटे डबा उघडणार, निदान एक जेवण तरी पोरांच्या तोंडाकडं बघून होऊ दे. बाबा रिटायर होऊन सहा वर्षं झाली तरी साडेसहाला ताट लागतं त्यांना

कऱ्हाडची_ताई
@वाळव्याचा_पोरगा मळीचा वास!! माझं माहेर कारखान्याच्या कॉलनीत, वाचल्या वाचल्या आला नाकात 😄

पाटण_खोरं
मी लहान होतो. ११ डिसेंबर १९६७, पहाटेचा कोयनेचा भूकंप. आमच्या वाडीत एक घर धड राहिलं नव्हतं. आमचा बाप आणि दोन चुलते बांधावरनं एकमेकांशी बोलत नव्हते, चुली वेगळ्या, विहिरीवर जायच्या वेळासुद्धा वेगळ्या. भूकंपानंतर खळ्यात गवताचा मांडव घातला आणि तिन्ही घरांची मिळून एक चूल. थंडी मरणाची. चुलीभोवती सगळी गोल बसायची, म्हातारी एकेकाचं नाव घेऊन हाक मारायची, सगळ्यांनी ओ दिली की मगच वाढायला घ्यायची. रोज रात्री. मला वाटायचं जेवणाच्या आधीची प्रार्थना आहे. मोठा झाल्यावर कळलं की ती माणसं मोजत होती. पुढं घरं उभी राहिली, चुली परत तीन झाल्या.

कृष्णाकाठ
काका 🙏
२०१९ च्या पुरात आम्ही पण तेच बघितलं. सांगलीत आयर्विन पुलाला कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, आम्ही शाळेच्या एका वर्गात पाच कुटुंबं. खिचडीची पाकिटं यायची. आमचे आण्णा वर्गातल्या शेवटच्या माणसाच्या हातात पाकीट पडेपर्यंत आपलं फोडायचे नाहीत. त्यातल्या एका कुटुंबाशी आता आमचं भाऊबीजेला जाणं-येणं आहे

तिघी_जावा
सगळं वाचलं, छान वाटलं, पण एक विचारते, एकत्र म्हणजे कोण कोण? माझं सासर सातारा जिल्ह्यात, खटाव तालुका, घरात १४ माणसं. आधी पुरुष आणि पोरं, मग सासूबाई, मग आम्ही तिघी जावा. आमच्यापर्यंत कालवण तळाला गेलेलं असायचं, मग त्यात गरम पाणी आणि चिमूटभर चटणी घालून वाढवायचं. भाजी संपली तर खर्डा. पोटुशी असतानासुद्धा मी साडेदहाला जेवलेय. मात्र आमची ती तिघींची पंगत, चुलीची धग कमी झालेली, दार लोटलेलं, तिथं जेवढं मन मोकळं झालं तेवढं माहेरीपण नाही झालं. थोरल्या जाऊबाई गेल्या मागच्या वर्षी. अजून कालवण ढवळताना त्यांचा आवाज येतो, "धाकटे, रस्सा तुला, फोड मला."

कऱ्हाडची_ताई
ताई रडवलंत. बसमध्ये आहे मी.

माथाडी_लेक
वडील मुंबईला माथाडी, वाशी मार्केटला कांदा-बटाटा. आम्ही जावळीत. वर्षातनं दोनदा एकत्र जेवण, गणपती आणि गावची जत्रा. ते आले की पहिले दोन दिवस आम्हाला लाज वाटायची त्यांच्याशेजारी बसायला, अनोळखी वाटायचे. तिसऱ्या दिवशी जवळ सरकायचो आणि पाचव्या दिवशी ते जायचे

वाळव्याचा_पोरगा
@माथाडी_लेक भावा 🫂

नवीन_सून_सातारा
इथं कुणाला उडदाचं घुटं येतं का? सासरे रोज विचारतात, आमच्याकडं विदर्भात नसतं हे

तिघी_जावा
सालीची उडीद डाळ, आधी जरा भाजून घे. मऊ शिजव, रवीनं घोट. आलं, लसूण, हिरवी मिरची, कोथिंबीर वाटून घाल, वरनं जिऱ्याची फोडणी. पातळ कर, भातावर पण घेता येतं. आणि सासऱ्यांना वाढून उभी राहू नको, ताट घेऊन बस त्यांच्यासमोर.

नवीन_सून_सातारा
हो काकू ❤️ उद्याच करते

रात्रपाळी_शेतकरी
आमच्यात शेतीची लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची आली की मी उसाला दारं धरायला, म्हणजे पाणी पाजायला. बायको नि पोरगी डबा घेऊन विहिरीवर यायच्या, बॅटरी लावून बांधावर जेवायचो. सापाकिरड्याचं भ्या, म्हणून आता मीच येऊ नका म्हणतो. डबा एकट्यानं खातो पण पोरगी व्हिडिओ कॉल लावून तिकडं ताट घेऊन बसते. अर्धा वेळ रेंज नसते. पण बसते

हळदीची_पेठ
सगळं वाचतेय, उत्तर द्यायला उशीर झाला. तिघी_जावा, तुमचं वाचून मी आठवायला बसले आणि लक्षात आलं की आजोबांचं एवढं लिहिलं, पण आजी कधी जेवायची ते मला आठवतच नाही. आत्याला विचारलं. ती बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आईला ताट घेऊन बसलेलं मी पण नाही गं बघितलं. चुलीपुढंच दोन घास खात असंल." सख्ख्या लेकीनं नाही बघितलं. मला बोलवेना काही.

आज सगळ्यांना नऊची वेळ सांगितलीय. आत्याला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही, सतरंजीवर नेऊन बसवलंय, धाकटा पाणी घेतोय. ह्यांचा फोन आलाय, पुष्पराज चौकात आहेत, भाकरी करायला घेते. उद्या वाचते बाकीचं.