टायफॉइडनंतर पोटाची पार वाट लागलीये, प्रोबायोटिक नेमकं कुठलं घ्यावं?

भांडुपकरीण:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. वय ३४, भांडुपला राहते, ऑफिस लोअर परळला. जुलैत दाढ सुजली म्हणून पाच दिवस अँटिबायोटिक झालं, ते संपून पंधरा दिवस होतात न होतात तोच टायफॉइड, मग परत १४ दिवस अँटिबायोटिक. ताप गेला, अंगात ताकद आली, पण पोट जे बिघडलंय ते डिसेंबर उजाडला तरी ठिकाणावर नाही. सकाळी निघायच्या आधी तीनदा जाऊन येते तरी गाडी विक्रोळी सोडते न सोडते तोच मुरडा. दुपारी जेवले की पोट असं फुगतं की ऑफिसातल्या एकीने हळूच "गुड न्यूज का" विचारलं. फास्ट गाडी तर सोडूनच दिलीये, स्लो बरी, दर दोन-तीन मिनिटांनी उतरायची सोय, करी रोडपर्यंत कुठल्या स्टेशनात टॉयलेट प्लॅटफॉर्मच्या कुठल्या टोकाला आहे ते पाठ झालंय.

वाचून वाचून एवढं कळलं की अँटिबायोटिकने चांगले बॅक्टेरिया मरतात आणि ते परत भरावे लागतात. म्हणून सध्या घेतेय: मेडिकलवाल्याने दिलेल्या प्रोबायोटिक कॅप्सूल (म्हणजे जिवंत चांगले जंतू), ऑनलाइन मागवलेली प्रीबायोटिक पावडर (म्हणजे त्या जंतूंचं खाद्य), एन्झाइमच्या गोळ्या, आणि मैत्रिणीने सांगितलं म्हणून पंधरा दिवसांपासून गहू आणि दूध दोन्ही बंद. महिन्याला साडेतीन-चार हजार चाललेत. फरक शून्य, उलट गॅस वाढलाय. सासूबाई म्हणतात ताक पी आणि गप्प बस. कोणाला एखाद्या ब्रँडचा खरंच गुण आलाय का?

गिरगावची_माळ्यावरची:
सासूबाईंना माझा नमस्कार सांग 😄 मला मागच्या पावसाळ्यात असंच झालं होतं, कमरेएवढ्या पाण्यातून घरी आले, पालिकेच्या सल्ल्याप्रमाणे लेप्टो (साचलेल्या घाण पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सी घेतली, तेही अँटिबायोटिकच, तेवढ्यानेच पोट बिघडलं. तीनेक आठवडे साधं खाल्लं, घरचं ताक, मऊ भात, झालं बरं. पण तुझं चार महिने म्हणजे जास्तच झालं गं, नुसत्या ताकावर ढकलू नकोस.

पेट्रीडिश:
ताई, मी डॉक्टर नाही, परळच्या एका लॅबमध्ये मायक्रोबायोलॉजीत १२ वर्षं काढलीत, म्हणजे लोकांचे स्टूल सॅम्पल कल्चरला लावणं हाच आपला धंदा. त्यामुळे ब्रँड सांगत नाही, दोन गोष्टी सांगतो.

"मेले ते परत भरायचे" हे ऐकायला सरळ वाटतं पण आतडं म्हणजे रिकामी बरणी नाही. आत काही लाख कोटी जीव असतात, कॅप्सूलमध्ये असतात सहसा काही शे ते काही हजार कोटी, तेसुद्धा चार-पाच जातींचे, आणि बहुतेक वेळा ते पाहुणेच, घेणं थांबवलं की काही दिवसांत निघून जातात. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाईझमन इन्स्टिट्यूटच्या लोकांनी हेच तपासलं. २१ धडधाकट माणसांना अँटिबायोटिक दिलं, मग काहींना ११ जातींचं प्रोबायोटिक, काहींना काहीच नाही, आणि काहींना त्यांचेच आधी काढून ठेवलेले जंतू परत आतड्यात सोडले (हो, जे मनात आलं तेच, स्वतःची शी). स्वतःचे परत मिळालेले काही दिवसांत मूळपदावर आले, ज्यांना काहीच दिलं नाही त्यांचे साधारण तीन आठवड्यांत बरेचसे परतले, आणि प्रोबायोटिकवाल्यांचे पाच महिन्यांनीसुद्धा नीट जागेवर आले नव्हते, आलेल्या पाहुण्यांनीच जागा अडवून ठेवली. अभ्यास छोटा आहे, त्यावरून कॅप्सूल विषासारखी आहे असं कोणी काढू नये, पण "घेतलं तर बिघडतं काय" हेही खरं नाही.

दुसरं, प्रोबायोटिक हा एक पदार्थ नाही. मेडिकलच्या काउंटरवर एकाच ट्रेमध्ये तीन वेगळे प्राणी पडलेले असतात. दह्यातल्यांच्या भावकीतले लॅक्टोबॅसिलस, छोट्या प्लॅस्टिक कुपीत मिळतात ते बॅसिलस क्लॉसाय, हे स्पोर म्हणजे टणक कवचाची बीजं बनवतात, आणि सॅकरोमायसिस बुलार्डी तर बॅक्टेरियासुद्धा नाही, यीस्ट आहे, म्हणून अँटिबायोटिक त्याला मारू शकत नाही. जे काही बरे पुरावे आहेत ते अँटिबायोटिक चालू असताना जुलाब होऊ नयेत ह्यासाठी घेण्याचे आहेत. कोर्स संपून चार महिने झाल्यावर घेण्याचे नाहीत. २०२० साली अमेरिकेतल्या पोटाच्या डॉक्टरांच्या संघटनेने पण पोटाच्या बहुतेक तक्रारींना प्रोबायोटिकची शिफारस करत नाही असंच लिहिलं.

आता एक काम करा. जे जे तोंडात जातंय त्या सगळ्याच्या मागचं बारीक अक्षर वाचून इथे टाका. सगळं म्हणजे सगळं, च्युइंगगमसुद्धा.

विरारची_विंडोसीट:
मी एक शहाणपणा केला होता तो कोणी करू नका. घरी किट मागवून स्टूलची मायक्रोबायोम टेस्ट (पोटात कुठले जंतू किती ते मोजणारी) केली, बारा हजार गेले, वीस पानी रंगीत रिपोर्ट आला, तुमचा अमुक बॅक्टेरिया कमी आणि तमुक जास्त, आणि शेवटच्या पानावर त्याच कंपनीच्या सप्लिमेंटची लिंक. डॉक्टरांनी रिपोर्ट उलटासुलटा केला आणि विचारलं, रात्री किती वाजता जेवता? विरारला पोचेपर्यंत साडेदहा होतात सांगितलं तर म्हणाले मग ह्याच्यापासून सुरुवात करू.

बुलार्डी मला मात्र लागू पडली होती हां, अँटिबायोटिकसोबत घेतली होती. पेट्रीडिशभाऊंचं मोडत नाही, आपला अनुभव सांगतोय.

पेट्रीडिश:
अहो सोबत घेतली होती ना, मग आपण एकच बोलतोय.

खारी_आणि_चहा:
खाण्याचं मी बोलते. कॅप्सूलआधी आपल्याकडे आंबील होतीच की. नाचणीचं पीठ दोन मोठे चमचे, रात्री वाटीभर पाण्यात कालवून झाकून ठेवायचं, थोडं ताक घातलं तरी चालतं, सकाळी वर बारीक बुडबुडे आणि आंबूस वास आला की समजायचं झालं काम. मग दोन कप पाण्यात शिजवायचं, ढवळत राहायचं, पळीवर चढायला लागलं की गॅस बंद. आता मुख्य गोष्ट, हे पार गार होऊ द्यायचं आणि मग ताक, मीठ, जिरं घालायचं. गरम असताना ताक घातलं तर फुटतंच आणि त्यातले जंतूही मरतात, मग उरतं ते नुसतं नाचणीचं सूप.

हेच इडलीचं. लोक म्हणतात इडली आंबवलेली म्हणजे प्रोबायोटिक, अगं पण दहा-बारा मिनिटं वाफेत बसलेली असते ती, जिवंत काय राहणार त्यात. पचायला हलकी होते हे खरं, पीठ आधीच अर्धं खाऊन ठेवलेलं असतं ना जंतूंनी. कढीचंही तेच. आणि खोक्यात मिळणारं महिनोनमहिने टिकणारं ताक नंतर तापवलेलं असतं, त्यात जिवंत काही नसतं. कैरीचं तेलातलं लोणचंही त्या परदेशी किमचीसारखं (कोबीचं आंबवलेलं लोणचं) जिवंत जंतूंचं नव्हे. घरचं दही, ताक, आंबील, गाजराची कांजी, एवढं पुरे.

पेट्रीडिश:
आंबिलीला आपलं मत. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी ३६ जणांवर दहा आठवडे प्रयोग केला होता, अर्ध्यांना फायबर वाढवून दिलं, अर्ध्यांना दही-केफिर-किमची असलं आंबवलेलं. आंबवलेलं खाणाऱ्यांच्या पोटात जंतूंचे प्रकार वाढले, फायबरवाल्यांचे एवढ्या दिवसांत तसे वाढले नाहीत. फक्त ते लोक दिवसाला सहा-सहा वेळा आंबवलेलं खात होते, आपल्याला एवढं झेपायचं नाही.

भांडुपकरीण:
लेबलं वाचली. घ्या.
पावडर: इन्युलिन, एका स्कूपमध्ये ५ ग्रॅम, मी दोन घेते. दुपारचा प्रोटीन बार: चिकोरी रूट फायबर, माल्टिटॉल. शुगरफ्री गम: सॉर्बिटॉल, दिवसाला चार-पाच होतात. आणि हो, टायफॉइडपासून रोज सकाळी उपाशीपोटी एक पँटोप्राझोल चालू आहे, अँटिबायोटिकने ॲसिडिटी होऊ नये म्हणून दिली होती, बंद कर असं कोणी बोललं नाही म्हणून घेतेय.

पेट्रीडिश:
अरे देवा. ताई, गॅस बाहेरून विकत घेताय तुम्ही. चिकोरी रूट फायबर म्हणजेच इन्युलिन, नाव बदललं की वेगळं वाटतं एवढंच. इन्युलिन आपल्याला पचत नाही, मोठ्या आतड्यातले जंतू ते भराभर आंबवतात आणि गॅस सोडतात. धडधाकट माणसालाही एकदम दहा-बारा ग्रॅम दिलं तर पोटात ढोल वाजतात, तुमचं तर आधीच हळवं झालेलं. सॉर्बिटॉल, माल्टिटॉल आतड्यात पाणी ओढतात, जास्त झालं की जुलाब.

आणि ती पँटोप्राझोल. पोटातलं ॲसिड हा गेटवरचा वॉचमन असतो, महिनोनमहिने त्याला सुट्टी दिली की नको ते आत शिरतं, आतल्या जंतूंचा तोल बदलतो. पण आपल्या मनाने एकदम थांबवू नका, ॲसिडिटी उसळून येते. ज्यांनी दिली त्यांना विचारून उतरवा.

पथ्यपाणी:
मी डाएटिशियन आहे, ठाण्यात बसते, इथे कोणाला पेशंट करत नाहीये पण एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. गहू बंद करायच्या आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेन ह्या प्रथिनाने आतडं बिघडतं तो आजार) रक्ततपासणी झाली होती का? नसेल तर पंचाईत आहे, कारण गहू पोटात जात असेल तरच ती टेस्ट खरी येते, काही आठवडे बंद असेल तर रोग असून निगेटिव्ह येऊ शकते. बऱ्याच जणांना गहू सोडून बरं वाटतं ते ग्लूटेनमुळे नाहीच, गव्हात फ्रुक्टॅन (आपल्याला न पचणारी एक प्रकारची कर्बोदकं) असतात म्हणून, तेच कांद्या-लसणात असतात आणि तुझं लाडकं इन्युलिनसुद्धा त्याच कुळातलं. दुधाचं म्हणशील तर आतड्याला मोठं इन्फेक्शन झालं की काही काळ दूध पचत नाही, पण दही-ताक बहुतेकांना चालतं, ते कशाला सोडलंस?

आणि टायफॉइड किंवा जोरदार जुलाबांनंतर साधारण दहातल्या एकाला आयबीएस (टेस्ट ठीक येतात पण आतडं चिडलेलंच राहतं असा त्रास) मागे लागतं, महिनोनमहिने राहतं, त्यामुळे हा सगळा बॅक्टेरियाच्या भरणीचाच हिशोब असेल असं धरून चालू नकोस. शी मधून रक्त, वजन आपोआप उतरणं, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, ताप, हिमोग्लोबिन कमी, ह्यातलं एकही असेल तर उद्याच पोटाच्या डॉक्टरकडे. नसेल तरी चार महिने झालेत, एकदा जाच.

तोवर पावडर, बार, गम बंद. फायबर पाहिजेच असेल तर इसबगोल, अर्धा चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यातून, ते फारसं आंबत नाही म्हणून फार गॅस होत नाही आणि पातळ असो की कडक, दोन्हीकडे आवरतं. कडधान्यात आधी मूगडाळ, मग मोड आलेले मूग, राजमा-छोले सगळ्यात शेवटी, भिजवलेलं पाणी फेकून. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, चार दिवस थांबायचं, मग दुसरी. गार केलेल्या भातात आणि बटाट्यात न पचणारा स्टार्च वाढतो, तो ह्या जंतूंचं खाद्य आहे, त्यामुळे दहीभात छानच. पण मुंबईच्या दमटात रात्रभर ओट्यावर राहिलेला भात नको, तासाभरात फ्रिजमध्ये टाकायचा, नाहीतर नवीन दुखणं.

विरारची_विंडोसीट:
मी मघापासून माझ्या ड्रॉवरमधल्या शुगरफ्री गमकडे बघतोय.

भांडुपकरीण:
तीन आठवड्यांनी आलेय. पावडर, बार, गम बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशीच दुपारचं फुगणं निम्म्यावर आलं, इतकं की मला रागच आला, दीड हजारांची पावडर होती ती. डॉक्टरांना भेटले, पँटोप्राझोल आधी एक दिवसाआड केली, आता बंद, मध्ये आठवडाभर छातीत जळजळलं मग थांबलं. स्टूल आणि रक्ताच्या साध्या टेस्ट ठीक आल्या. सिलिॲकसाठी म्हणाले रोज चपात्या खा आणि काही आठवड्यांनी रक्त द्यायला या, त्यामुळे सध्या डॉक्टरी आदेशाने चपात्या चालू आहेत. ताक परत सुरू, सासूबाई काही बोलल्या नाहीत, फक्त बघितलं माझ्याकडे. सकाळी अजून दोनदा जावं लागतं आणि कांदाभजीने परवा परत वाट लागली, म्हणजे पूर्ण बरी नाहीये. पण काल घाटकोपरच्या पुढे गाडी वीस मिनिटं नुसती उभी होती आणि पोटाची आठवण मला दादरला आली.

आंबील मात्र फसली. रात्री भिजवायला विसरले म्हणून सकाळी पीठ सरळ उकळत्या पाण्यात टाकलं, गुठळ्याच गुठळ्या.

खारी_आणि_चहा:
अगं मग ती आंबील कसली, न आंबवता! आज आठवणीने फोनला अलार्म लाव रात्री दहाचा. आणि थंडीत एका रात्रीत बुडबुडे आले नाहीत तर घाबरू नकोस, दुपारपर्यंत ठेव.