दोनशे खाटांचं काल्पनिक हॉस्पिटल की गावातला खरा दवाखाना? इंटिरिअरच्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पांबद्दल

खारे वारे (धागा सुरू करणारे)

गेल्या आठवड्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका इंटिरिअर डिझाइनच्या कॉलेजात ज्यूरीला (मुलांचे प्रकल्प तपासायला) गेलो होतो. तिसऱ्या वर्षाची मुलं, विषय दोन: कमर्शिअल स्पेस आणि हेल्थकेअर स्पेस. दिवसभरात १९ प्रकल्प पाहिले. मुलं कष्टाळू होती, शीट नेटक्या होत्या, रेंडर (संगणकावर काढलेली चित्रं) तर असे की फोटो वाटावेत. तरी संध्याकाळी घरी येताना मन खट्टू झालं. हेल्थकेअरचे ११ प्रकल्प होते आणि सगळे दीडशे-दोनशे खाटांच्या काल्पनिक हॉस्पिटलचे. जागा म्हणून कुठे ‘मुंबई’, कुठे नुसतंच ‘अर्बन साइट’. त्यातल्या एकाही प्रकल्पात पाऊस नव्हता.

आपल्या किनाऱ्यावर पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटरच्या आसपास आणि कित्येक ठिकाणी त्याहून जास्त पडतो. दवाखान्यात येणारा माणूस एसटीतून उतरतो, छत्री गळत असते, पाय चिखलाने भरलेले, सोबत घरची दोन माणसं. ती छत्री ठेवायची कुठे? चपला कुठे काढायच्या? ओल्या फरशीवरून चालताना म्हातारीने हात कशाला धरायचा? प्लॅनमध्ये उत्तर नव्हतं. होती ती आरशासारखी चकचकीत फरशी.

छताला सगळीकडे जिप्समचं फॉल्स सीलिंग. वरून जरा गळती झाली की तो बोर्ड पाणी पितो, पोट सोडतो आणि आतून बुरशी धरतो. घरात ती फक्त दिसायला वाईट. वॉर्डात ज्याची प्रतिकारशक्ती आधीच खचली आहे, त्याच्या फुप्फुसात अ‍ॅस्परजिलससारखी बुरशी गेली तर जिवावर बेतू शकतं.

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. एका मुलीने तपासणीच्या खोलीत मधासारखा पिवळा उजेड दिला होता, रुग्णाला घरच्यासारखं वाटावं म्हणून. हेतू किती चांगला! पण भातलावणीच्या दिवसांत आपल्याकडे लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण येतात, त्यातल्या काहींना कावीळ झालेली असते. डॉक्टर खालची पापणी ओढून डोळ्याचा पांढरा भाग बघतात. पिवळ्या उजेडात पिवळेपणा दिसणार कसा? पडद्याचा आणि भिंतीचा रंगसुद्धा कातडीवर पडतो. हे त्या मुलीला कोणी सांगितलंच नव्हतं, कारण तिने कधी कोणाची तपासणी होताना पाहिलीच नव्हती.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. कोकणातल्या कॉलेजांनी हे दोन्ही प्रकल्प इथल्याच, खऱ्या, टेप लावून मोजता येतील अशा जागांवर द्यावेत. प्राथमिक आरोग्य केंद्र, बाजारपेठेतला दातांचा दवाखाना, काजूचं दुकान, जेटीजवळची खाणावळ. काल्पनिक दोनशे खाटा बंद कराव्यात. तुमचं मत मांडा.

सहावं सेमिस्टर

सर, मी तुमच्या ज्यूरीत नव्हते, पण माझाही प्रकल्प दोनशे खाटांचाच आहे, म्हणून लिहिते.

मुंबईच्या कॉलेजातल्या मुलांना कोणी म्हणतं का, की तुम्ही फक्त तुमच्या गल्लीतला दवाखाना काढा? मग आम्हालाच का? आमच्या गावात एवढं मोठं हॉस्पिटल नाही म्हणून आम्ही त्याचा विचारही करायचा नाही का? माझ्या वडिलांनी कर्ज काढून फी भरली आहे. नोकरी मिळणार मुंबईत नाहीतर पुण्यात. तिथे पोर्टफोलिओ उघडल्यावर सहा खाटांचं आरोग्य केंद्र दिसलं, तर पुढचं पान उलटणारसुद्धा नाहीत.

दुसरं, जे मोठं शिकायचं ते बाहेरूनच आलं आहे. १९८४ साली रॉजर उलरिच या संशोधकांनी अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियामधल्या एका हॉस्पिटलच्या नोंदी तपासल्या. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले ४६ रुग्ण. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले लवकर घरी गेले आणि त्यांना जालीम वेदनाशामकंही कमी लागली. आल्व्हार आल्टो या वास्तुरचनाकाराने फिनलंडमध्ये पाइमिओला क्षयरोग्यांसाठी सॅनिटोरियम बांधलं, १९३३ मध्ये ते सुरू झालं. पडून राहिलेल्या माणसाला दिवसभर छतच दिसतं म्हणून त्याने छताचा रंग ठरवला. बेसिनला असा उतार दिला की पाणी आवाज न करता पडावं, शेजारच्याची झोपमोड होऊ नये. हे वाचल्यावर मला हा विषय आवडला. टेपने मोजून नाही.

शिकवते मी

मी अशाच एका कॉलेजात शिकवते. खारे वारे, तुमचा राग कळतो, पण तुमच्या उपायात एक मोठं भोक आहे.

सहा खाटांच्या केंद्रावर मी मुलांना आग कशी शिकवू? मोठ्या हॉस्पिटलात आग लागली तर रुग्णांना जिन्यावरून पळवता येत नाही. त्यांना खाटेसकट त्याच मजल्यावरच्या सुरक्षित भागात ढकलत न्यावं लागतं. म्हणून राष्ट्रीय इमारत संहितेत हॉस्पिटलच्या कॉरिडॉरला किमान २.४ मीटर रुंदी मागितली आहे. म्हणून पडदा, लॅमिनेट, फोम, प्रत्येक वस्तू किती लवकर पेटते आणि किती धूर सोडते हे बघावं लागतं. भंडाऱ्यात जानेवारी २०२१ मध्ये नवजात बाळांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली. त्या दिवसानंतर मी हा भाग कधीच उरकून टाकला नाही. शस्त्रक्रिया विभागातले स्वच्छ आणि निर्जंतुक टप्पे, घाण कपडे जाण्याची वेगळी वाट, हेही छोट्या दवाखान्यात येत नाही. मुलं उद्या जिथे कामाला जातील तिथे हे लागणार आहे.

शिवाय परवानगी. चालू दवाखान्यात २५ मुलं घेऊन जायचं म्हणजे पत्रव्यवहारातच सेमिस्टर संपतं.

ओपीडीतली सिस्टर

तुम्ही सगळे आमच्याबद्दल बोलताय, म्हणून लिहिते. मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करते.

मुलं येतात. मागच्या वर्षी आली होती. फोटो काढले, गेली. एकाने प्रसूतीच्या खोलीचं दार न विचारता उघडलं. आत बाई होती. तिला काय वाटलं असेल? त्या मुलाला मी ओरडले आणि नंतर वाईटही वाटलं, कारण त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. तेव्हा खऱ्या जागेवर पाठवा म्हणणाऱ्या सरांनी आधी एवढं शिकवून पाठवावं.

आता कामाचं सांगते. आमच्याकडे कोपराने बंद करायचा नळ होता. हात धुतल्यावर परत नळाला हात लागू नये म्हणून तो हवाच. बिघडला. सुटा भाग तालुक्याला मिळेना, जिल्ह्याला मिळेना. शेवटी प्लंबरने साधा गोल नळ बसवला, तो आजही आहे. चित्रात तो नळ काढणं सोपं आहे. तो दहा वर्षं चालावा, आणि बिघडला तर इथल्या हार्डवेअरच्या दुकानात त्याचा वायसर मिळावा, असा नळ कोणी निवडून दिला तर मी त्याला पैकीच्या पैकी मार्क देईन.

फरशी आणि भिंत जिथे मिळते तिथे काटकोन नको, गोलाई हवी. त्या कोपऱ्यात पोचा पोचत नाही आणि रक्त, मळ सगळं तिथेच साठतं. सफाईची मामी गुडघ्यावर बसून चमच्याने खरवडते. हे माझ्या डोळ्यांसमोरचं आहे.

तालुक्याचा डॉक्टर

मी खारे वारे यांच्या विरोधात आहे, आणि तेही इथलाच असून.

वडिलांचा दवाखाना कौलारू होता. पडवीत दोन बाकडी, लोक तिथे बसायचे, गप्पा मारायचे. मी परत आलो तेव्हा पडवी बंद केली, काच लावली, एसी बसवला. का? कारण ज्याच्या खिशात चार पैसे आहेत तो आमच्याकडे बघून गाडी थेट कोल्हापूरला नाहीतर गोव्याला वळवतो. ‘तिथे कसं चकाचक असतं’ हे वाक्य मी रोज ऐकतो. दवाखाना हीसुद्धा कमर्शिअल जागा आहे, हे मान्य करायला आपण का लाजतो? त्या मुलांच्या चित्रांत जो झगमगाट आहे तो माझ्या रुग्णाला हवा आहे. त्याला विश्वास वाटतो.

खारे वारे

डॉक्टरसाहेब, झगमगाटाला माझा विरोध नाही, बंद हवेला आहे. खोकणारी १५ माणसं एसीच्या खोलीत तास-तास बसवायची, तीच हवा फिरवायची, हे तुम्हाला डॉक्टर म्हणून पटतं का? जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनाच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. साध्या वॉर्डाला दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा आणि हवेतून पसरणाऱ्या रोगांच्या खोलीला १६० लिटर. आडव्या वाऱ्याची पडवी तुमच्या वडिलांनी फुकटात दिली होती.

आणि ताई (सहावं सेमिस्टर), उलरिच यांचा अभ्यास मीही मानतो. म्हणून तर विचारतो. आपल्या बहुतेक दवाखान्यांबाहेर आंबा, फणस उभे आहेत. खिडकीला मात्र औषधांचं कपाट टेकवलेलं असतं किंवा काचेवर दुधी कागद चिकटवलेला. पेनसिल्व्हेनियातलं झाड तुमच्या शीटवर आलं, दाराशी आहे ते आलं नाही.

सिस्टर, तुमचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. दार वाजवायला शिकवणं माझ्या यादीत नव्हतं, ते असायला हवं होतं.

तालुक्याचा डॉक्टर

पडवीचं कौतुक मलाही आहे, पण जुलैत तिथे बसून दाखवा. झड आत येते. बाकडी भिजतात, फाइली भिजतात. पूर्वी पावसाआधी झावळ्यांची झापं बांधायचे, ती बांधणारी माणसं आता नाहीत. हवा आत येईल आणि झड येणार नाही, अशी पडवी एखाद्या विद्यार्थ्याने करून दाखवावी, मी माझ्या खर्चाने करून घेतो. तोपर्यंत काच राहणार.

फणसाची फळी

मी सुतार, कुडाळाकडचो. मोबायलवर लिवतंय, चुकला तर सांभाळून घेवा.

ह्या पोरांची ड्रॉइंगा माझ्याकडे येतत. किनाऱ्यावरच्या एका हॉटेलाचा काउंटर केलंय, एमडीएफचो (लाकडाचो भुसो दाबून केलेलो बोर्ड). मी सांगलंय, ह्यो टिकाचो नाय. डिझायनर मुंबयचो, आयकलान नाय. एका पावसात खालची कड फुगली, पावासारखी. बिजागरी गंजली. स्टील बरा म्हणून ३०४ ग्रेडचा घातला होता, त्यारपण तांबडे डाग. समुद्राच्या तोंडावर ३१६ घालूक होया, म्हाग पडता, पण जास्त टिकता. नायतर पितळ घाला, काळा पडता पण कुसणा नाय. प्लाय घ्यायचो तर मरीन, आयएस ७१० (मरीन प्लायचो सरकारी मानक) छापलेलो बघून. आणि कडा सगळ्या बाजूंनी बंद करूची, पाठची सुद्धा. पाठची कोण बघना नाय, पाणी थयसूनच शिरता.

पोरांका चार दिवस माझ्याकडे धाडा. मी पैशे घेवचंय नाय.

शिकवते मी

फणसाची फळी, दादा, तुम्हाला मी खरंच निरोप पाठवते. हे चार दिवस आमच्या मटेरिअलच्या तासांपेक्षा जास्त देतील.

पण खारे वारे, मोठं हॉस्पिटल बंद करा हे मी मान्य करणार नाही. दादांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट दोनशे खाटांच्या हॉस्पिटलालाही लागू आहे, उलट जास्तच.

खारे वारे

‘बंद करा’ हा शब्द मागे घेतो. आगीचं तुम्ही लिहिलंत त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पण ‘अर्बन साइट’ हा शब्द मात्र बंदच व्हायला हवा. मोठं असो, छोटं असो, गावाचं नाव, वाऱ्याची दिशा आणि पाण्याची पातळी शीटवर लिहिल्याशिवाय ज्यूरीत उभंच करू नये. पुणे-मुंबईतल्या ऑफिसांत मी ११ वर्षं काढली, मुलाखती घेतल्या. रेंडर सगळ्यांचे सारखे असतात. ‘ही फरशी का निवडलीस’ या प्रश्नावर मुलं अडतात.

सहावं सेमिस्टर

काल रात्री माझी शीट पुन्हा काढली. तपासणीच्या खोल्यांचे दिवे बदलले, रंग खरे दाखवणारे पांढरे घेतले आणि हिरवे पडदे काढले. कॉरिडॉर २.४ मीटर होता, पण मी त्यात बसायची बाकं काढली होती, म्हणजे खरी वाट १.८ च उरत होती. बाकं आता भिंतीच्या खोबणीत नेली.

दोनशे खाटा मी सोडणार नाही. पण साइट आता चिपळूण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा आत्याचं दुकान गेलं होतं, मी ते पाहिलं आहे. त्यामुळे जनरेटर, ऑक्सिजनचं मॅनिफोल्ड (सिलिंडर एकत्र जोडायची जागा), मुख्य विजेचं पॅनेल सगळं पहिल्या मजल्यावर नेते. खाली फक्त ओपीडी आणि पार्किंग. प्रश्न एवढाच, अपघात विभाग खाली ठेवायचा की वर?

शिकवते मी

वर नेलास तर पाणी आलं नसेल त्या दिवशीही प्रत्येक अँब्युलन्सला वर चढावं लागेल. स्ट्रेचरसाठी १:१२ चा रॅम्प (बारा मीटरला एक मीटर चढ) धरलास तर ३.६ मीटरच्या मजल्याला ४३ मीटरहून लांब वाट होते, वर मधले सपाट टप्पे. तो कुठे बसवतेस ते काढून सोमवारी आण.

ओपीडीतली सिस्टर

आणि त्या रॅम्पला छप्पर दे गो. स्ट्रेचर ढकलणाऱ्याच्या हातात छत्री नसते.