शेततळ्यात दोर नसेल तर अनुदान अडवावं का?

माळरान:
गेल्या वैशाखात आमच्या शिवारात एकाच शेततळ्यात दोन जीव गेले. सोळा वर्षांची मुलगी फवारणीसाठी कळशीनं पाणी काढत होती, तिचा पाय घसरला. हाक ऐकून तिचा काका धावत आला आणि कपड्यांनिशी आत उतरला. हा माणूस आठव्या वर्षापासून विहिरीत सूर मारणारा. तो पाण्यात बुडून जाईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा पाणी शांत होतं आणि तळ्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरच्या हिरव्या शेवाळात बोटांचे ओरखडे होते. एका जागी नाही, चार-पाच जागी. म्हणजे तो पोहत कडेला येत होता, चढायला बघत होता, घसरून परत आत जात होता. शेवटी दमला.

तेव्हापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट आहे. विहिरीला दगडी पायऱ्या असतात. नसल्या तर कपार सापडते, मोटरीचा पाइप सापडतो, झाडाची मुळी हाताला लागते. नदीला उतार असतो. प्लास्टिकचा कागद अंथरलेल्या शेततळ्याला धरायला काहीच नसतं, चारही बाजूंनी सारखीच घसरगुंडी.

'मागेल त्याला शेततळे' २०१६ साली आली. आता मुख्यमंत्री शाश्वत कृषी सिंचन योजनेत शेततळ्याला जास्तीत जास्त ७५ हजार रुपये मिळतात. तळी झाली हे चांगलंच झालं, त्यांच्यामुळे आमच्या बागा जगल्या. पण अनुदानाआधी जो जिओ टॅग फोटो, म्हणजे जागेच्या नोंदीसह फोटो काढतात, त्यात खोदकाम दिसतं, कागद दिसतो. त्याच फोटोत कुंपण आणि चारही बाजूंना धरून वर चढायला दोर दिसले नाहीत तर पैसे सोडू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

शिवारधनी:
माळरान दादा, घडलं ते फार वाईट. पण तुमच्या अटीला माझा विरोध आहे आणि मी तो मोकळेपणानं मांडतो.

माझं तळं ३० बाय ३० मीटरचं आहे. बांध धरून भोवती जाळीचं कुंपण करायचं तर मला सत्तर हजारांच्या आसपास खर्च सांगितला होता. म्हणजे जेवढं अनुदान तेवढंच कुंपण. शेतकरी आधी पदरचे पैसे घालून तळं करतो, मग अनुदानाची वाट बघत बसतो. त्यात आणखी एक अट घातली की तपासायला येणाऱ्याच्या हातात आणखी एक काठी दिल्यासारखं होईल. अट कागदावर पुरी होईल, फोटोपुरता दोर बांधला जाईल आणि दुसऱ्या दिवशी सोडून नेला जाईल. असं होताना आपण सगळ्यांनी पाहिलं आहे.

आणि घरच्यांची जबाबदारी कुठे गेली? लेकरू पाण्याकडे जातंय हे बघायला सरकार कसं येणार?

गोदाकाठ:
माझ्या मते दोघंही मुळाशी जात नाही. आमच्या लहानपणी गावात पोहता न येणारं पोर शोधून सापडायचं नाही. पाठीला डबा नाहीतर वाळका भोपळा बांधून थोरला भाऊ विहिरीत ढकलायचा, उन्हाळ्याच्या सुट्टीत पोर तयार. आता विहिरी आटल्या, सुट्टी मोबाइलवर जाते, आणि मुलींना तर कधी शिकवलंच नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ या एका वर्षात देशात बुडून मेलेल्यांचा आकडा ३८,५०३ आहे. रस्त्यावरच्या अपघातांबद्दल आपण रोज बोलतो, याबद्दल कुणी बोलत नाही. जागतिक आरोग्य संघटनासुद्धा शाळकरी वयात पोहणं आणि पाण्यातली सुरक्षितता शिकवा असंच सांगते. शाळेत पाचवीपासून पोहणं सक्तीचं करा. दोर आणि कुंपण हे वरवरचे इलाज आहेत.

माळरान:
गोदाकाठ काका, मुलींना शिकवलं नाही हे तुम्ही अगदी खरं बोललात. पण मी लिहिलेलं परत वाचा. काकाला पोहता येत होतं. माणूस कपड्यांनिशी, घाबरलेला, एका हातानं पुतणीला धरलेला, किती वेळ तरंगेल? पोहणाऱ्याला बाहेर पडायला वाट लागते. तीच तिथे नाही.

अंगणवाडीची ताई:
इथे सगळे मोठ्या माणसांबद्दल बोलताहेत म्हणून लिहिते. दोन-तीन वर्षांच्या लेकराला पोहायला कसं शिकवणार?

माझ्या पाहण्यात जी लहान मुलं गेली ती सकाळी नऊ ते दुपारी एक-दोनच्या मध्ये गेली. तेव्हा आई निंदायला, छाटणीला, पालापाचोळा काढायला गेलेली असते. शिवारधनी दादा, घरच्यांची जबाबदारी म्हणता, पण ती घरची कोण? बऱ्याचदा ती बाहेरगावाहून कामाला आलेली मजूर बाई. तिची राहायची कोप तुमच्या तळ्यापासून वीस पावलांवर. कोपीची जागा मालकानं ठरवलेली असते, पाणी जवळ पडावं म्हणून. ती लेकरू पाठीला बांधून काम करू शकत नाही, आणि खाडा केला तर मजुरी बुडते.

बांगलादेशात तळ्याकाठच्या गावांमध्ये यावर एक साधी गोष्ट केली. गावातल्याच एका बाईच्या घरी सकाळी नऊ ते दुपारी एक अशी लहान मुलं सांभाळायची सोय, त्याला तिकडे 'आंचल' म्हणतात. जिथे ही सोय झाली तिथे लहान मुलांचं बुडणं खूप कमी झालं. त्यात यंत्र नाही की मोठं बांधकाम नाही, चार तास कुणाची तरी नजर आहे. आपल्याकडे अंगणवाडी आहे, पण मळ्यातल्या वस्तीवरचं आणि स्थलांतरित मजुराचं मूल तिथवर पोचत नाही.

आणखी एक. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत मृत्यूला दोन लाख मिळतात, पण ते सातबाऱ्यावरच्या शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला, वय १० ते ७५. मजुराचं तीन वर्षांचं लेकरू यात कुठेच बसत नाही. ते गेलं की बऱ्याचदा त्याची कुठेही नोंद राहत नाही, आणि पुढच्या हंगामात त्याच जागी दुसरी कोप उभी राहते.

शिवारधनी:
ताई, कोपीची जागा हा मुद्दा मला मान्य. मी स्वतः कधी असा विचार केला नव्हता. आमच्याकडेही कोप तळ्याच्या खालच्या अंगाला आहे, ती या आठवड्यात हलवतो. त्याला पैसा लागत नाही.

पण अटीबद्दलचं मत कायम आहे. जुनी तळी तर अनुदान घेऊन बसली, त्यांना तुमची अट लागणारच नाही. जी माणसं मरताहेत ती जुन्याच तळ्यांत.

कागद अंथरणारा:
मी बारा वर्षं शेततळ्यांना कागद टाकतो, म्हणून थोडं हातावरचं सांगतो.

३० बाय ३० मीटरचं तळं, खोली ३ मीटर, उतार एकास एक. म्हणजे तळाला २४ बाय २४ उरतं आणि सुमारे २,२०० घनमीटर पाणी मावतं. उतार पंचेचाळीस अंशाचा, उतरती लांबी सव्वाचार मीटर. ५०० मायक्रॉन जाडीचा कागद कोरडा असतानाही चप्पल घालून उतरलं तर घसरतो. पाण्यात महिनाभर राहिला की शेवाळ धरतो, मग अनवाणी पायही ठरत नाही. पाणी कमी झालं की धोका कमी, असं लोक समजतात. उलट आहे. मीटरभर पाणी उरलं की वर चढायला जवळजवळ तीन मीटर गुळगुळीत कागद राहतो. तळं भरलेलं असताना काठ हाताला तरी लागतो.

कुंपण असावंच, पण कुंपण आणि दोर एका अटीत घालू नका. कुंपण महाग म्हणून लोक दोन्ही करत नाहीत. दोर आधी.

लोखंडी शिडी ठेवू नका. तिच्या पायांनी कागद फाटतो, मग मालक शिडी उचलून बांधावर ठेवतो आणि वेळेला ती पाण्यात नसते. जुने टायर दोरात ओवून उतारावर सोडले तर कागदाला काही होत नाही, पाय ठेवायलाही जागा होते.

रानवाट:
मला यात एक गोष्ट राहून गेल्यासारखी वाटते. दुसरा, तिसरा माणूस का मरतो? एप्रिल २०२४ मध्ये नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या जुन्या खड्ड्यात मांजर पडलं. ते काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असे पाच जण गेले. तिथे विषारी वायू होता, शेततळ्यात गुळगुळीत कागद आहे, पण चूक एकच. आपल्या माणसाला बुडताना बघून उभं राहणं आपल्याला जमत नाही. जमायलाही नको. पण उडी मारण्याऐवजी हातात काहीतरी टाकण्यासारखं हवं. साडी सोडून टाका, ठिबकची नळी टाका, वीस लिटरचा रिकामा कॅन झाकण लावून टाका. पाण्यातल्या माणसाला धरायला काही मिळालं तरी पाच मिनिटं मिळतात, तेवढ्यात शेजारचा मळा धावून येतो. टाकताना आपण बांधावर आडवं पडायचं, उभं राहायचं नाही. नाहीतर तो आपल्याला आत ओढतो.

परिचारिका_ग्रामीण:
बाहेर काढल्यानंतरचं मी सांगते, कारण आमच्याकडे आणतात तेव्हा बऱ्याचदा मधला वेळ वाया गेलेला असतो.

पालथं घालून पोट दाबणं, उलटं धरून गरगर फिरवणं, हे कृपा करून बंद करा. त्यानं पोटातलं पाणी आणि अन्न घशात येतं आणि श्वासनलिकेत जातं. बुडालेल्या माणसाला सगळ्यात आधी हवा हवी असते. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरा आणि तोंडानं तोंडात श्वास द्या, छाती वर उठेल इतका. आधी श्वास, मग छातीच्या मधोमध दाब. ३० दाब, २ श्वास, पुन्हा ३० दाब. मोठ्या माणसाची छाती दोन इंच खाली गेली पाहिजे. दुसऱ्यानं तेवढ्यात १०८ लावायचा. एकटे असाल तर फोन स्पीकरवर ठेवून हात चालू ठेवा.

गोदाकाठ:
ताई, माझ्या चुलतभावाला १९८८ साली विहिरीतून काढला तेव्हा पालथं घालूनच वाचवला. भडाभडा पाणी निघालं आणि तो बोलायला लागला. डोळ्यांनी पाहिलं आहे, चूक कसं म्हणू?

परिचारिका_ग्रामीण:
काका, तुमचा भाऊ वाचला याचा आनंदच आहे. त्याचा श्वास तेव्हा चालू असणार, म्हणून तो तेवढं सोसू शकला. श्वास चालू असलेल्याला कुशीवर वळवून ठेवावं, पाणी आपोआप येतं. पण श्वास थांबलेल्याचं पोट दाबण्यात जी तीन-चार मिनिटं जातात, त्यातच मेंदू जातो. आणि शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात आणाच. काही तासांनी दम लागायला लागतो, घरी ठेवलेला माणूस रात्रीत बिघडतो.

गोदाकाठ:
मान्य. पण शाळेत पोहणं शिकवण्याचा माझा आग्रह मी सोडणार नाही.

अंगणवाडीची ताई:
सोडू नका. फक्त मुलींना आणि वस्तीवरच्या मुलांना आधी घ्या. आणि पाण्यात उतरलेल्या प्रत्येक दोन पोरांमागे काठावर एक मोठं माणूस दोर घेऊन उभं पाहिजे.

माळरान:
मी माझ्या मूळ मागणीत बदल करतो. कागद अंथरणाऱ्या दादांचं पटलं. कुंपणाची अट मी मागे घेतो, त्याला वेगळं अनुदान द्यावं. दोराची अट मात्र सोडत नाही. फोटोपुरता बांधून कुणी सोडून नेईल असं शिवारधनी म्हणतात. नेतील काही जण. पण दहातल्या चार तळ्यांत जरी दोर राहिला तरी त्या चार तळ्यांत घसरलेल्याच्या हाताला काहीतरी लागेल. आमच्या शिवारात त्या दिवशी एक दोर असता तर एक तरी मयत कमी झाली असती. कदाचित दोन्ही.

जुन्या तळ्यांचं मात्र खरं आहे. त्यासाठी सरकारची वाट बघू नये. आमच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे की गावातल्या सगळ्या तळ्यांची यादी करायची आणि अक्षय्य तृतीयेच्या आत दोर बांधायचे. ज्याला परवडत नाही त्याचा दोर गावानं द्यायचा.

शिवारधनी:
असं गावानं ठरवलं तर मी सगळ्यात पुढे असेन. सरकारी अटीला माझा विरोध तेव्हाही राहील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

कागदवाले दादा, दोर कुठला घ्यायचा आणि बांधायचा कशाला? बांधावर कागद ज्या चरात पुरलाय तिथेच खुंटी ठोकली तर चालेल का?

कागद अंथरणारा:
चरात अजिबात नको, ओढ बसली की कागदच उपटून येईल. बांधाच्या बाहेरच्या अंगाला दोन-अडीच फूट खोल अँगल किंवा सिमेंटचा खांब गाडा. दोर बारा मिलिमीटरचा, त्याहून बारीक हाताला कापतो. हातभर अंतरावर गाठी मारा, ओल्या हाताला गाठीशिवाय धरवत नाही. खालचं टोक तळाला पोचलं पाहिजे, म्हणून एका दोराला सहा-सात मीटर धरा आणि एका बाजूला किमान दोन दोर. उन्हानं दोर कुजतो, दर पावसाळ्याआधी दोन माणसांनी बाहेरच्या बाजूला उभं राहून पूर्ण जोर लावून ओढून बघायचा. तुटला तर तो त्याच दिवशी बदलायचा.

शिवारधनी:
म्हणजे माझ्या तळ्याला आठ दोर. उद्या बाजार आहे, आणतो. कोप आज दुपारीच हलवली.