सी++: एकाच खातेदाराच्या दोन बाक्या कशा?

कळमना_कोडर:
नागपूरच्या कळमना मार्केटमधल्या एका अडत्यासाठी हिशोबाचा प्रोग्रॅम लिहून राहिलो आहे. मूळ क्लास 'खातेदार': नाव, खाते क्रमांक, बाकी. त्यावरून 'शेतकरी' आणि 'व्यापारी'. काटोलकडचे काही बागायतदार स्वतःची संत्री विकतात आणि शेजाऱ्यांचा मालही घेतात, म्हणून दोन्हींवरून 'शेतकरी-व्यापारी' काढला. आता शेतकरी म्हणून दिलेली १०,००० ची उचल व्यापाऱ्याच्या फंक्शनला दिसतच नाही, तिथे बाकी शून्य! थेट 'बाकी' लिहिलं तर कंपायलर विचारतो, कोणती?

धरमपेठ_सीप्लस:
भाऊ, तुमच्या ऑब्जेक्टमध्ये 'खातेदार' दोनदा बसला आहे, एकदा शेतकऱ्याच्या वाटेने, एकदा व्यापाऱ्याच्या. हाच डायमंड प्रॉब्लेम. 'शेतकरी' आणि 'व्यापारी' दोघांच्याही व्याख्येत 'खातेदार'च्या आधी व्हर्च्युअल लिहा, म्हणजे दोघांत मिळून 'खातेदार' एकच राहील. एकातच लिहून भागत नाही, आणि फक्त खालच्या क्लासमध्ये लिहून तर काहीच होत नाही. सी++ च्या लायब्ररीतही आयस्ट्रीम (इनपुटचा) आणि ओस्ट्रीम (आउटपुटचा) हे क्लास असेच आयओएस या मूळ क्लासवरून व्हर्च्युअल काढलेले आहेत, म्हणून आयओस्ट्रीममध्ये तो एकदाच येतो.

कळमना_कोडर:
बाकी जुळली! पण खाते क्रमांक रिकामा येऊन राहिला. शेतकऱ्याचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट उभा करणारं फंक्शन) तर तो वर 'खातेदार'ला पाठवतोच.

धरमपेठ_सीप्लस:
पाठवतो, पण तो धरला जात नाही. व्हर्च्युअल बेस, म्हणजे इथे 'खातेदार', उभा करायची जबाबदारी सगळ्यात खालच्या क्लासची. शेतकऱ्याने एक क्रमांक पाठवला आणि व्यापाऱ्याने दुसरा, तर खरा कोणता मानायचा? म्हणून मधल्या दोघांचंही ऐकलं जात नाही. 'शेतकरी-व्यापारी'च्या कन्स्ट्रक्टरमधून 'खातेदार'ला थेट क्रमांक द्या. आणि 'खातेदार'चा रिकामा डिफॉल्ट कन्स्ट्रक्टर (क्रमांक न देताही चालणारा) काढूनच टाका. तो आहे म्हणून चूक गुपचूप खपली. नसता तर कंपायलरने तिथेच अडवलं असतं.

काटोल_रोड:
उत्तर बरोबर आहे, तरी मी ही रचनाच बदलेन. आज निव्वळ शेतकरी असलेला माणूस आंबिया बहारात (संत्र्याच्या एका हंगामात) माल घ्यायला लागला तर? तयार ऑब्जेक्टचा क्लास बदलता येत नाही. नवा बनवून सगळी बाकी त्यात न्यावी लागेल. हिशोबाच्या कामात ही जोखीम मला पटत नाही. 'खातेदार' एकच ठेवा आणि त्याला भूमिकांची यादी द्या. उद्या कोणी वाहतूकदारही झाला तर यादीत एक भर, नवा क्लास नको.

कळमना_कोडर:
भूमिका काढली तर जुन्या पट्ट्या (विक्रीच्या हिशोबाच्या पावत्या) राहतील ना?

काटोल_रोड:
राहतील. पट्ट्या खाते क्रमांकाला जोडा, भूमिकेला नको.