मदत हवी आहे : सोलापूरहून गाडीने रत्नागिरी-गुहागर किनारा, छोट्या पायवाटा आणि तंबूतील मुक्काम (सोबत ६८ वर्षांची आई)

माळरान, सोलापूर :

सर्वांना नमस्कार.

येत्या माघ महिन्यात मी, पत्नी, सातवीत शिकणारी मुलगी आणि आई असे आम्ही चौघे स्वतःच्या गाडीने कोकण किनाऱ्यावर जाण्याचे ठरवीत आहोत. हाताशी सहा दिवस आहेत. रोज एखादी तासा-दोन तासांची पायवाट चालावी, किल्ला किंवा कातळ पाहावा, आणि किमान दोन रात्री समुद्राचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर तंबूत काढाव्यात, अशी आमची इच्छा आहे. हॉटेलच्या खोलीतून समुद्र पाहून परत यायचे नाही, एवढे मात्र नक्की आहे.

आईविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण संपूर्ण आखणी तिच्या चालण्यावर अवलंबून आहे. तिने पाच वेळा आषाढी वारी पायी केली आहे, त्यामुळे राहुटीत झोपणे, पहाटे थंड पाण्याने आंघोळ करणे, मिळेल तिथे चूल मांडणे या गोष्टी तिला आमच्या तिघांपेक्षा अधिक सवयीच्या आहेत. सपाट वाटेवर ती आजही आठ-दहा किलोमीटर न थांबता चालते. पायऱ्या उतरताना मात्र तिचा उजवा गुडघा दुखतो आणि उंच पायऱ्यांवर तिला आधार द्यावा लागतो. म्हणून ‘सोपा किल्ला’ असे ऐकून समाधान होत नाही; वाट चढणीची आहे की पायऱ्यांची, आणि गाडी कुठपर्यंत जाते, हे कळले तर फार उपयोग होईल.

आता माझ्या मनातील कच्चा आराखडा सांगतो. मंगळवेढा, सांगोला, कवठे महांकाळ, मिरज, कोल्हापूर आणि आंबा घाट या मार्गाने, म्हणजे बहुतांशी राष्ट्रीय महामार्ग १६६ धरून, रत्नागिरी गाठायची. हे अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आसपास भरते. तिथून गणपतीपुळे, मालगुंड, जयगड, हेदवी, वेळणेश्वर, गुहागर, दाभोळ, हर्णे, आंजर्ले, वेळास आणि शेवटी हरिहरेश्वर असे उत्तरेकडे सरकत जायचे. मार्ग सागरी असल्यामुळे खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतील, आणि मुलीला त्याचेच सर्वांत जास्त आकर्षण आहे. निघण्यासाठी माघी पौर्णिमेच्या आधीचा दिवस निवडला आहे, म्हणजे किनाऱ्यावरील दोन्ही रात्री चांदण्याच्या मिळतील आणि अंधाराची अडचण होणार नाही.

एक भीती मनात घर करून आहे, तीही सांगणे आवश्यक वाटते. दोन वर्षांपूर्वी त्रिपुरी पौर्णिमेला आम्ही तिघे एका किनाऱ्यावर पैसे भरून आधीच उभारलेल्या तंबूत राहिलो होतो. संध्याकाळी पाणी इतके दूर होते की तिथवर चालत जायला पाच मिनिटे लागली. रात्री साडेअकराच्या सुमारास मुलीच्या अंथरुणाखालची वाळू ओली लागली म्हणून मी बाहेर पाहिले, तर लाट तंबूपासून दोन हातांवर येऊन फिरत होती. आम्ही सामान उचलून गाडीत बसलो आणि उजाडेपर्यंत तिथेच बसून राहिलो. तंबू लावणाऱ्यांनी सकाळी ‘असे कधी होत नाही’ एवढेच उत्तर दिले. आमच्यासारख्या काळ्या मातीतल्या माणसांना पाणी कधी आणि किती चढते याचा अंदाज नाही. तो कसा बांधतात हे शिकवणारे कोणी भेटले तर तीच माझ्यासाठी सर्वांत मोठी मदत ठरेल.

आणखी दोन गोष्टी विचारतो. तंबू आमचा स्वतःचा आहे, पण तो नेमका कुठे लावावा आणि परवानगी कोणाकडे मागावी? आणि जिथे आई व पत्नी यांच्यासाठी स्वच्छ शौचालय असेल अशीच जागा हवी, यावर आमची तडजोड नाही. जेवणाची फारशी चिंता नाही, कारण कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि छोटी शेगडी सोबत असेल.

---

खाडीकाठ, गुहागर तालुका :

माळरान, नमस्कार. आपण मनमोकळेपणाने सगळे लिहिलेत, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. आधी त्या रात्रीविषयी लिहितो.

आपल्या तंबूपाशी पाणी आले त्यात अनपेक्षित काहीच नव्हते. त्या रात्री पौर्णिमा होती, हेच त्याचे कारण. पौर्णिमा आणि अमावास्येला सूर्य व चंद्र यांची ओढ एका रेषेत येते, म्हणून त्या दिवसांत उधाण असते. भरती सर्वांत वर चढते आणि ओहोटी सर्वांत खाली जाते. अष्टमीच्या सुमारास ही ओढ काटकोनात असते, तेव्हा भरती-ओहोटीतील फरक कमी राहतो. त्याला आमच्याकडे भांग म्हणतात. वेळेचा हिशेब आमच्या किनाऱ्यावरील जुनी माणसे तिथीवरून करतात : प्रतिपदेपासून मोजलेल्या तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास. दिवसातून दोनदा हेच चक्र चालते, आणि सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. यात तासाभराचा फरक पडू शकतो, त्यामुळे निघण्यापूर्वी त्या ठिकाणचे भरतीचे छापील किंवा मोबाइलवरील कोष्टक पाहावेच, पण तिथीचे गणित डोक्यात असले की कोष्टक वाचताना चूक होत नाही.

आता आपला बेत या गणितावर ठेवून पाहा. पौर्णिमेला आपण तंबूत गाढ झोपलेले असाल, नेमक्या त्याच वेळी पाणी महिन्यातील सर्वांत वरच्या रेषेला येईल. संध्याकाळी सहाला ओहोटी असल्यामुळे किनारा रुंद आणि कोरडा दिसेल, आणि नवखा माणूस त्या कोरड्या वाळूवरच तंबू लावेल. म्हणून चांदण्याचा मोह सोडावा आणि माघ वद्य पंचमीला निघून दशमीला परतावे, असे माझे स्पष्ट मत आहे. सप्तमी ते नवमी या दिवसांत भरती संध्याकाळी सव्वापाच ते पावणेसातच्या दरम्यान येईल. म्हणजे पाणी कुठवर चढते ते आपण उजेडात स्वतःच्या डोळ्यांनी पाहाल आणि त्यानंतरच अंथरूण घालाल. मध्यरात्री ओहोटी असेल. शिवाय या तारखांमध्ये माघी गणेशोत्सव, संकष्टी आणि महाशिवरात्र यांपैकी काहीच येत नाही. गणपतीपुळ्याला संकष्टीला आणि आमच्या गुहागरच्या व्याडेश्वराला महाशिवरात्रीला गाडी लावायला जागा मिळत नाही. माघी एकादशीला पंढरपूरच्या रस्त्यावर काय गर्दी असते, ते सोलापूरकरांना मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट अंतराची. आपली यादी दहा-बारा दिवसांची आहे. नकाशावर जवळ दिसणारी गावे रस्त्याने दूर असतात, कारण प्रत्येक खाडीपाशी वाट खाली उतरते, बोटीची वाट पाहते आणि पुन्हा सड्यावर (कातळाच्या पठारावर) चढते. दाभोळची खाडी या वेळी ओलांडूच नका. रत्नागिरी ते गुहागर एवढाच पट्टा घ्या आणि परतताना चिपळूण, कुंभार्ली घाट, कराड, विटा, आटपाडी, पंढरपूर असे घरी जा. जयगड ते तवसाळ ही फेरीबोट वाटेत येते, त्यामुळे मुलीची इच्छाही पूर्ण होईल. हरिहरेश्वर वगळण्याचे आणखी एक कारण आहे : तिथली समुद्राकाठची प्रदक्षिणा ओहोटीतच करायची असते आणि सुरुवातीलाच पायऱ्या उतराव्या लागतात. आईंच्या गुडघ्यासाठी ती वाट योग्य नाही.

त्यांच्यासाठी मी पुढील चाली सुचवेन. गणपतीपुळ्याला संपूर्ण डोंगरच देवाचे रूप मानला जातो, म्हणून प्रदक्षिणा डोंगराभोवती घालतात. साधारण एक किलोमीटरची बांधीव वाट आहे आणि वारकरी माणसाला ती फार आवडेल. तिथल्या समुद्रात मात्र पोहायला उतरू नका, तळ एकदम खोल होतो आणि ओढ जबर आहे. तेथून मालगुंडला, केशवसुतांच्या जन्मगावी, वाळूवरून चालत जाता येते. जयगडाच्या दरवाजापाशी गाडी जाते. खंदक, बुरूज आणि शास्त्री नदीचे मुख पाहायला फारशी चढण नाही. अंजनवेलचा गोपाळगड, त्याच्याजवळचे टाळकेश्वर आणि दीपगृह हाही असाच सपाट सड्यावरचा फेरफटका आहे, आणि तिथून वाशिष्ठीचे मुख दिसते. टाळायच्या त्या पाखाड्या, म्हणजे वाड्यांमधून उतरणाऱ्या जांभ्या दगडाच्या पायऱ्या. त्या उंच-सखल असतात आणि सावलीत शेवाळलेल्या असतात.

हेदवीला उमामहेश्वराच्या मंदिरामागे बामणघळ आहे. कातळातील त्या अरुंद भेगेत भरतीचे पाणी शिरते आणि उंच उसळते. ती पाहण्यासाठी भरतीच हवी, पण घळीच्या काठावर जाऊ नये. मागे कोरड्या कातळावर उभे राहूनही पूर्ण दृश्य दिसते. भांगाच्या दिवसांत उसळी थोडी कमी असेल, पण लेकरू आणि वयस्क माणूस सोबत असताना तेच बरे.

तंबू किनाऱ्यावर लावूच नका, एखाद्या घरगुती मुक्कामाच्या अंगणात किंवा वाडीत (नारळ-सुपारीच्या बागेत) लावा. मालक आनंदाने जागा देतात, शौचालय आणि विहिरीचे पाणी मिळते, आणि परवानगीचा प्रश्न मालकाशी बोलून सुटतो. सुरूच्या बनात जागा मोहक दिसते, पण ती बहुतेक ठिकाणी वनखात्याची असते, तिथे विचारल्याशिवाय थांबू नये. वाडीत लावताना माडाखाली लावू नका. नारळ आणि झावळी पडताना पूर्वसूचना देत नाहीत, आणि हा धोका लाटेपेक्षा खरा आहे. दिवसा समुद्राकडून खारे वारे आणि रात्री उशिरा जमिनीकडून मतलई वारे वाहतात, म्हणून तंबूच्या अरुंद बाजूंची तोंडे पूर्वेला आणि पश्चिमेला ठेवा. वाडीतली जमीन वाळूची असेल तर खुंट्या धरत नाहीत. पिशव्यांत वाळू भरून त्या दोरीला बांधून पुराव्यात.

शेवटची सूचना अत्यंत महत्त्वाची आहे. आमच्या कातळसड्यावर फुरसे (विषारी साप) असते. ते लहान, मातकट रंगाचे आणि दगडाखाली दडणारे असते, आणि रात्री बाहेर पडते. अंधारात विजेरीशिवाय आणि बुटांशिवाय एक पाऊलही टाकू नका, दगड हाताने उचलू नका, तंबूची चेन कायम बंद ठेवा आणि बूट झटकूनच घाला. दंश झालाच तर मांत्रिक, चिरा, आवळपट्टी यांत वेळ न घालवता, हातपाय न हलवता थेट सरकारी दवाखाना गाठावा.

---

घाटवाट, कोल्हापूर :

खाडीकाठ यांनी सांगितलेल्या तारखांना माझाही पाठिंबा आहे. मी फक्त रस्त्यापुरते लिहितो. सोलापूरहून एका दिवसात रत्नागिरी गाठता येते, परंतु मग घाट दिवसाच्या शेवटी, चालक थकलेला असताना येतो. पहिला मुक्काम घाटमाथ्यावर आंबा गावी करावा आणि सकाळी ताज्या डोळ्यांनी उतरावे. सपाटीवर गाडी चालवणाऱ्यांची एक सवय मी वारंवार पाहतो : ते उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवतात आणि खाली पोहोचेपर्यंत ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. ज्या गिअरमध्ये चढ चढता त्याच गिअरमध्ये उतरा, इंजिनलाच वेग धरू द्या. न्यूट्रलमध्ये तर कधीच उतरू नका. रत्नागिरीत टाकी पूर्ण भरून घ्या, आणि गाडी वाळूवर नेऊ नका. ओली वाळू घट्ट दिसते, पण एकदा चाक रुतले की भरती थांबत नाही.

---

माळरान, सोलापूर :

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री दिनदर्शिका उघडून त्या त्रिपुरी पौर्णिमेचे गणित मांडले आणि उत्तर सव्वाअकरा आले. दोन वर्षे मी ज्या गोष्टीला दैव समजत होतो, ती घरातल्या भिंतीवर छापलेली होती, हे पाहून बराच वेळ स्वस्थ बसून राहिलो. आईला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली की तिथी पाहूनच निघायचे असते, हे तिला कोणी नव्याने सांगायला नको होते.

आता आखणी अशी केली आहे : वद्य पंचमीला आंबा, षष्ठीला गणपतीपुळे, सप्तमी आणि अष्टमीला हेदवी-वेळणेश्वर भागात वाडीत तंबू, नवमीला गुहागर, दशमीला घर. पौर्णिमेनंतरचा चंद्र अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास उगवतो, म्हणून दोन विजेऱ्या वाढवल्या आहेत.

दोन शंका उरल्या आहेत. आई अंथरूण-पांघरुणासाठी घरच्या सोलापुरी चादरीच नेण्याचा आग्रह धरते. सुती असल्यामुळे त्या समुद्राकाठच्या दवात ओल्या होतील का? आणि गुहागरच्या किनाऱ्यावर या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात असे वाचले आहे. रात्री आमच्या उजेडामुळे त्यांना त्रास होऊ नये यासाठी काय करावे?

---

खाडीकाठ, गुहागर तालुका :

चादरी जरूर आणा, पण खाली प्लास्टिकचा जाड कागद अंथरा आणि तंबूची जाळीची खिडकी थोडी उघडी ठेवा. पूर्ण बंद तंबूत श्वासाचीच वाफ कापडावर जमते आणि पहाटे थेंब गळतात, त्याला लोक दव समजतात. सकाळी चादरी तासभर उन्हात टाकल्या की पुरे.

कासवांसाठी रात्री किनाऱ्यावर शेकोटी नको आणि पांढरा उजेड नको. मादी उजेड पाहून अंडी न घालताच परत फिरते, आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने, म्हणजे समुद्राच्या उलट बाजूला जातात. विजेरीला लाल कागद बांधा आणि ती खाली धरा. वाळूत जाळीचे कुंपण दिसले तर तिथे हलवून आणलेली अंडी पुरलेली असतात; त्याला हात न लावता तिथल्या कासवमित्रांना विचारा, पिल्ले सोडण्याची वेळ असेल तर ते मुलीला दाखवतील.

---

माळरान, सोलापूर :

लाल कागद आजच आणतो. वेळणेश्वर परिसरात अंगणात तंबू लावू देणारे आणि आईला उकिडवे बसावे लागणार नाही असे शौचालय असलेले घर कोणाच्या माहितीत असेल, तर कृपया मला व्यक्तिगत निरोप पाठवावा. जयगडहून तवसाळला जाणाऱ्या शेवटच्या बोटीची सध्याची वेळही कोणी सांगितल्यास सप्तमीचा दिवस नीट बसवता येईल.