गोव्यातल्या शाळा सकाळी थोड्या उशिरा भरवाव्यात का?

सत्तरी तालुक्यातली आई
माझी मुलगी आठवीत आहे. बालरथ, म्हणजे शाळेची बस, साडेसहाला वाड्यावर येतो, म्हणून ती साडेपाचला उठते, पाववाला पोदेर यायच्याही आधी. सातलाच शाळेत पोचते आणि पावणेआठच्या घंटेपर्यंत व्हरांड्यात बसून राहते, कारण बालरथाला दुसरी फेरी मारायची असते. दीडला शाळा सुटते, जेवेपर्यंत अडीच. चारला शिकवणी, मग दिवाबत्ती, गृहपाठ, आणि झोपायला अकरा. तिच्या वयाला आठ ते दहा तास झोप हवी असं निद्रातज्ज्ञ सांगतात. हिला मिळते साडेसहा तास. महाराष्ट्राने २०२४ मध्ये चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असं ठरवलं. गोव्याने निदान साडेआठ तरी करावेत.

फोंड्याचे मास्तर
माझा ठाम विरोध. उशिरा भरली की शाळा उशिराच सुटणार. २०२५ मध्ये नवीन शैक्षणिक वर्ष ७ एप्रिलला सुरू केलं, त्याविरुद्ध पालक उच्च न्यायालयात गेले, आणि एप्रिलभर वर्ग साडेअकरापर्यंतच ठेवले. त्या उकाड्यात मुलांना सव्वादोनपर्यंत बसवणार? शिवाय मोकळी दुपार ही आपल्या मुलांची खरी मिळकत आहे. पेटी, तबला, भजन, फुटबॉल सगळं त्याच वेळात होतं. कला अकादमीच्या भजन स्पर्धेत उतरणारी मुलं सराव कधी करतात, ते गावात येऊन बघा. ती दुपार गेली की परत मिळायची नाही.

पेडण्याची, दहावी
सर, ती दुपार आमच्याकडे उरलीय कुठे? आमच्या वर्गातले बहुतेक जण शिकवणीला असतात. मी हार्मोनियम नववीत सोडली. पहिल्या दोन तासांना अर्धा वर्ग पेंगत असतो, आणि नेमकं गणित तेव्हाच. वयात येताना झोपच उशिरा लागते, हे आम्हाला विज्ञानाच्या बाईंनी सांगितलंय. मोबाइल बाजूला ठेवला तरी मला दहाच्या आधी झोप येत नाही. माध्यान्ह आहारातला भाजी-पाव आठवीपर्यंतच, त्यामुळे सकाळी न खाता आलेली आमच्यातली मुलं सुट्टीत वेफर्स खातात.

म्हापशेकर
आम्ही दोघंही नोकरीला. साडेआठला घर सोडतो. शाळा तेव्हा भरली तर मुलाला पोचवणार कोण? आजी-आजोबा घरात असलेल्यांना हे सोपं वाटतं.

फोंड्याचे मास्तर
बाय, हार्मोनियम सुटली याचं मला खरंच वाईट वाटलं. पण ती शाळेच्या घंटेने नाही, शिकवणीने सोडवली. आधी शिकवणी कमी करा, मुलं नऊला झोपतील.

सत्तरीची आई
सर, शिकवणी हौसेने लावत नाही कुणी. पस्तीस मिनिटांच्या तासात पोर्शन धावतो, मागे पडलेल्या मुलाकडे बघायला शिक्षकाला सवडच नसते. म्हापशेकरांची अडचण मात्र मला पटते, सगळ्यांना एकच वेळ सोयीची होणार नाही. घंटा आहे तिथेच ठेवली तरी बालरथाच्या फेऱ्या बदलता येतील. दर महिन्याला पहिली फेरी दुसऱ्या वाड्याला द्या, म्हणजे तीच ती मुलं वर्षभर साडेपाचला उठणार नाहीत. पालक-शिक्षक संघाच्या पुढच्या बैठकीत मी हे लेखी देणार आहे. सत्तरीतल्या आणखी कुणाला सही करायची असेल तर कळवा.